बेड नंबर चारचे नातेवाईक

वाशीम, दवाखान्यातला बाक
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

राखी,

फाडायच्या आधी एवढं वाच. आई अजून जिवंत आहे. पाकिटावर वहिनीचं अक्षर पाहून तुला वाईटच बातमी वाटली असेल, म्हणून हे आधी लिहिलं. 

पत्ता निकितानं दिला. आमची लेक अकोल्याला कॉलेजात बसून आत्याशी फोनवर गुलूगुलू बोलते आणि आम्हाला पत्ता लागू देत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. तिला रागावू नको, मीही रागावले नाही. तिच्याकडूनच निरोप धाडला असता, पण ही गोष्ट पोरीच्या हातून पाठवायची नाही. मी स्वतः फोन केला तर तू माझा आवाज ऐकून ठेवलास. तुझ्या दादांचा नंबर तर तू आठ वर्षांपूर्वीच बंद केलास. म्हणून हा उद्योग. निकिताची जुनी वही आहे, अर्धी रसायनशास्त्रानं भरलेली, उरलेली अर्धी माझी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई ओसरीवर डाळ पाखडत होती. सूप हातातून पडलं आणि पडलेलं तिला कळलंच नाही. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दहा-अकरा दिवस इथेच ठेवली, मग नाकात नळी घालून घरी पाठवली. नळीतून दूध, भाताची पेज द्यायची. पाचव्या दिवशी, म्हणजे गेल्या शनिवारी, तिला श्वास पुरेना. पुन्हा गाडी, पुन्हा अनसिंग ते वाशीम. ह्या वेळी मशीनवर.

मशीन म्हणजे काय ते टीव्हीत पाहिलं होतं. टीव्हीत वास येत नाही. तोंडातून जाडजूड नळी घशात गेलेली, ती हलू नये म्हणून गालावर पांढरी पट्टी. डावा हात चांगला आहे ना तिचा, त्यानं ती नळी ओढते, म्हणून तो हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलाय. तुझ्या आईचा हात बांधलाय, राखी. ज्या हाताचा धपाटा गल्लीतल्या सगळ्या पोरांनी खाल्लाय तो.

सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला दहा मिनिटं एकाला आत सोडतात. बाकी वेळ बाकावर. भिंतीवर एक भोंगा आहे. तो खरखरला की सगळ्या बाकावरची माणसं बोलायची थांबतात. "बेड नंबर दोनचे नातेवाईक", "बेड नंबर सातचे नातेवाईक". आपला नंबर चार. दुसऱ्याचा नंबर आला की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, सगळी लेकरं एकदा बसा, काहीतरी ठरवावं लागेल. दादांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तूच लिही तिले. माहा फोन ती उचलत नाई."

लिहिलं. पुढचं कळवते.

तुझी वहिनी
संगीता


वाशीम
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

राखी,

डॉक्टर ऋषिकेश वयानं तुझ्याहून लहान असतील. डोळ्याखाली काळं, बोलणं मात्र सरळ. त्यांनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसवलं. डॉक्टर स्वतःहून खुर्ची देतो तेव्हा बातमी चांगली नसते हे मला आता कळतं.

मेंदूचा मोठा भाग आधीच गेला होता. आता फुप्फुसात न्यूमोनिया आहे, किडनीही थकत चालली. दोन रस्ते आहेत म्हणाले. घशाला बाहेरून भोक पाडायचं, त्यातून मशीन जोडायची आणि जितके दिवस निघतील तितके काढायचे. ती शुद्धीवर येऊन बोलेल, बसेल, ओळखेल अशी आशा त्यांना नाही. दुसरा रस्ता म्हणजे मशीन काढायची, त्रास होणार नाही असं औषध द्यायचं आणि जे होईल ते शांतपणे होऊ द्यायचं. हे एकट्या डॉक्टरच्या मनावर नसतं. इथले तीन डॉक्टर लिहून देणार, मग दुसरे तीन तपासणार, कोर्टाला कळवणार. आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत लागणार.

"बहीण आहे ना तुमची?" त्यांनी विचारलं.

दादा टेबलावरच्या पेनाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हाव. हाये."

आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी हे त्यांच्या तोंडून.

तर विचारायचं ते हेच. मशीन ठेवायची की काढायची? तुझं जे असेल ते कागदावर लिही, सही कर आणि पाठव.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. धम्मरत्नशी लग्न करून दोघं पाया पडायला आलात, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "माह्या मयतीलेबी येऊ नोको." तेव्हा विचारलं नाही, आता कायले विचारता, असंच ना? बरोबर आहे. त्या दिवशी मी गॅसपाशी उभी होते. दूध उतू चाललं होतं आणि मी तेही बंद केलं नाही. मी काही बोलले नाही. मनात खूप होतं. माझं असंच आहे, कागदावर वाघीण, चारचौघांत शेळी.

काल बाकावर एक प्रकार झाला. आमच्या शेजारी मानोऱ्याकडचे दौलतसिंग म्हणून गृहस्थ बसतात, बेड दोनवर त्यांचा भाऊ. मोठे बोलघेवडे. दुपारी डबा उघडून मला ठेचा देत होते, "घ्या ताई, हा खाल्ला तर मेलेलं मानूस उठते." भोंगा खरखरला. बेड नंबर दोन. ते हात तसेच भरलेले घेऊन आत गेले. डबा उघडाच राहिला. तासाभरानं कोणीतरी त्यावर झाकण ठेवलं. ते परत आले नाहीत, मागच्या दारानंच घेऊन गेले म्हणे.

आज पाचला आत गेले तर आईचा एक डोळा उघडा होता. मी पलंगाच्या ह्या बाजूला गेले, डोळा इकडं आला. त्या बाजूला गेले, तिकडं आला. सिस्टर म्हणाली, तसं वाटतं फक्त, त्यांना काही कळत नसेल. मी बांधलेल्या हातात बोट दिलं. तिनं धरलं. राखी, तिनं असं धरलं की मला सोडवेना. सिस्टरनं येऊन एकेक बोट उलगडलं.

दहा मिनिटं पुरी व्हायच्या आधीच मी बाहेर आले. का आले ते लिहायला मला अजून थोडा वेळ लागेल.

संगीता


वाशीम
सोमवार, १७ नोव्हेंबर

राखी,

आधीची दोन पत्रं मी खरीच लिहिली, पण निम्मी. उरलेलं आज लिहिते. दादा सकाळी हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलेत, पाचच्या आत येतील.

चार तारखेला आईला घरी न्यायचं ठरलं तेव्हा ते गाडी बघायला खाली गेले होते. सिस्टरनं मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाली, ह्यांची गिळायची ताकद गेली आहे. तोंडातून काही म्हणजे काही द्यायचं नाही. घोटभर पाणीसुद्धा पोटात न जाता फुप्फुसात जाईल. शाळेतल्या पोरीसारखं दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मराठीत लिहूनही दिलं, खाली लाल रेघ मारून. तो कागद मी औषधाच्या पिशवीत ठेवला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. राहून गेलं असं नाही. भरवणारी मी, बघणारी मी, मग दवंडी कशाला पिटायची, असा माझा शहाणपणा.

शनिवारी सकाळी आईचे डोळे वर गेले. श्वास थांबून थांबून येऊ लागला. मी किंचाळले. पाच मिनिटांत घर भरलं. गल्लीतल्या लिलाकाकू तर गंगाजलाची बाटली अन् तुळशीचं पान घेऊनच आल्या. "टाइम आला माय. पानी पाजा, तहानेला जीव जाऊ देऊ नोका."

रीत तुला सांगायला नको. मरत्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय आपल्याकडं कोणाला जाऊ देत नाहीत. पहिला चमचा लेकाचा, दुसरा सुनेचा. दादांनी पाजला. आई अशी ठसकली की मान उशीवरून उचलली. मला त्या सिस्टरचा आवाज ऐकू आला, अगदी कानापाशी. तोवर चमचा माझ्या हातात आला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर दारात, खिडकीत माणसंच माणसं. सगळी माझ्याकडं बघताहेत. दादाही बघताहेत, मला वाटलं, लवकर पाज म्हणताहेत. बावीस वर्षं नांदलेली सून सासूच्या तोंडचं शेवटचं पाणी अडवते! जन्मभर ऐकावं लागलं असतं. माझ्या मागं निकितालाही ऐकावं लागलं असतं.

मी पाजलं.

माझ्यानंतर आणखी दहा जणांनी. बारा चमचे झाले, मी मोजत होते. प्रत्येक चमच्याला ठसका आणि प्रत्येक ठसक्याला लिलाकाकू म्हणायच्या, "घेतलं माय, घेतलं."

आणि आई गेली नाही. अर्ध्या तासात डोळे जाग्यावर आले. लोक हळूहळू उठून गेले, एकदोघं तर जरा नाराजच वाटले. दुपारनंतर छातीत घुरघुर सुरू झाली, संध्याकाळी ओठ निळे. निरोपाचं पाणी तिच्या फुप्फुसात जाऊन बसलं होतं.

इथं आल्या आल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी तोंडातून काही दिलं होतं का?" दादा पटकन म्हणाले, "नाई साहेब. नळीतूनच." मी फरशीकडं बघत होते. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, गावची रीत डॉक्टरला सांगायची लाज वाटली असेल. लाजेची नाही, पापाची गोष्ट माझ्याकडं होती. खाई त्याला खवखवे.

आता भीती कशाची ते ऐक. मशीन काढावी असं मला वाटतं. तो बांधलेला हात मला बघवत नाही. पण हे मी आईसाठी म्हणते की माझ्यासाठी? ती गेली की ही गोष्ट तिच्याबरोबर जाईल, कोणी विचारणार नाही. ती राहिली तर तो डोळा राहील. मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. अशा माणसानं काढा म्हणणं म्हणजे काय, तूच सांग.

सरकारी दवाखान्यातून रूपा सिस्टर म्हणून एक बाई आल्या होत्या. ज्यांचा आजार बरा होणारा नाही त्यांचा त्रास कमी करायचा, हेच त्यांचं काम. मला म्हणाल्या, "ताई, मशीन काढली म्हनजे आपन हात काढला असं नसते. औषध चालूच राह्यते. जीव घाबरा होऊ देत नाई आमी." मग एकदम विचारलं, "तुमाले कायचं भेव वाटून राह्यलं?"

एवढ्या दिवसांत मला हे विचारणारी ती पहिली.  मी म्हटलं, काही नाही, झोप नाही झाली.

म्हणून तुला लिहिलं. तुला सगळं कळल्यावर तू जे म्हणशील तेच खरं. ठेवा म्हणालीस तर ठेवू, आणि मी रोज पाच वाजता त्या डोळ्यासमोर उभी राहीन. काढा म्हणालीस तर मला निदान एवढं कळेल की हे फक्त माझ्या मनातलं चोरटं नव्हतं.

हे पत्र पोस्टात टाकायला रस्ता ओलांडून जावं लागतं. तेवढ्यात बेड चार पुकारला तर, म्हणून तिघांना सांगून जाते.

संगीता


वाशीम
शनिवार, २२ नोव्हेंबर

राखी,

आज बारा वाजता भोंगा वाजला. "बेड नंबर चारचे नातेवाईक, काउंटरवर या."

मी उठले आणि पुन्हा बसले.  दादा पुढं गेले. जाताना त्यांनी चप्पल घातली नाही. मी भिंतीला धरून मागं गेले. वाटेत सात पावलं आहेत, त्या सात पावलांत मी आईला नेलं, जाळलं, तेरावं केलं आणि गावाला उत्तरंही दिली.

काउंटरवर पोस्टमन उभा होता. "बेड नंबर चार, अतिदक्षता विभाग, संगीता वहिनी" असा पत्ता घालतात का गं? आडनाव नाही, काही नाही. तो पोरगा हसत होता. मी तिथंच रडायला लागले आणि दादा त्याच्यावर विनाकारण डाफरले.

पाकीट मी उघडलं. सहीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तुझी सही बराच वेळ पाहिली. म्हणाले, "अजून तसाच र काढते." बस, एवढंच. तो कागद घेऊन ते डॉक्टरांकडं गेले.

चिठ्ठी मी एकटीनं वाचली. मी वहीची नऊ पानं भरली आणि तू पाच ओळी. "काढा. हे मी तुझ्यासाठी म्हणत नाही, आईसाठी म्हणते. दादाला ते पाण्याचं सांगू नकोस, तो मोडून पडेल. मी येणार नाही. आईनं येऊ नको म्हटलं होतं आणि आता ती ते मागं घेऊ शकत नाही."

रागावलीस की नाही तेही कळलं नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांचे दोन्ही कागद आज पूर्ण झाले. दुपारी सह्या केल्या. आईचा लेक म्हणून दादांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी. साक्षीदार! पेन माझ्या हातात आल्यावर डॉक्टर ऋषिकेश म्हणाले, "काही शंका असेल तर आत्ता विचारा." मी दादांकडं पाहिलं, ते खिडकीकडं बघत होते. तेव्हाच बोलायचं होतं. तू सांगू नको म्हणालीस म्हणून गप्प राहिले असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पाचावर धारण बसली होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजता.

संगीता


अनसिंग, घर
मंगळवार, २५ नोव्हेंबर

राखी,

आई घरी आहे. श्वास चालू आहे.

काल आम्हा दोघांना आत बोलावलं, पडदे ओढले. रूपा सिस्टर सकाळपासून होत्या. आधी सुईतून औषध दिलं, मग तिचा चेहरा सैल पडेपर्यंत थांबले. मला वाटलं होतं की एकदम बटण बंद करतात. तसं नसतं. आधी हाताची पट्टी सोडली. मनगटावर वळ होता. मग मशीनचा जोर हळूहळू कमी केला, मग नळी काढली. इतके दिवस ते यंत्र फुसफुसत होतं, ते थांबलं आणि खोलीत इतकी शांतता झाली की मी दादांचा हात धरला. सगळ्यांसमोर धरला. आता गेली, आता गेली असं मी मनात म्हणत होते. मग तिनं स्वतःचा एक श्वास घेतला. लांब. मग काही नाही. मग आणखी एक.

सोळा दिवसांनी तिचे ओठ दिसले. भेगाळलेले, कडेला पट्टीचा चिकटा. मी तो खोबरेल तेलानं पुसला.

"किती वेळ?" दादांनी विचारलं. रूपा सिस्टर म्हणाल्या, "तासबी असू शकते, दोन-चार दिवसबी. घरी न्याचं असंन तर नेऊ. मी येईन रोज." जिभेखाली द्यायचे थेंब, ते कधी द्यायचे, श्वासात खडखड आली तर कुशीवर कसं वळवायचं, सगळं शिकवलं. तोंड कोरडं पडलं तर कापसाचा बोळा ओला करून, पिळून, ओठाला अन् जिभेला लावायचा. "चमच्यानं पानी नाई हं ताई," त्या म्हणाल्या. मी बोळा पुन्हा एकदा पिळून दाखवला.

आज सकाळी आणलं. गाडी गल्लीत शिरली तेव्हाच मला कळलं काय होणार ते. ओसरी भरलेली. आईला माजघरात खाटेवर ठेवलं, दहा मिनिटं झाली नाहीत तर लिलाकाकू आत. हातात तीच बाटली, तोच चमचा, मागं बायांची रांग.

 मी खाटेच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. 

"पानी नाई पाजाचं, काकू."

"काहून?"

"डॉक्टरनं नाई सांगतलं."

"डॉक्टरले काय समजते? मरत्या मानसाले पानी नाई? सून हायेस का कोन हायेस तू?"

मागून कोणीतरी बोललं, सुनेचा जीव पहिल्यापासूनच कडू. ते मी ऐकलं. ज्या बोलण्याच्या भीतीनं मी त्या दिवशी चमचा धरला ते बोलणं हे असं असतं होय, असं मनात आलं. दुखलं. खूप दुखलं. पण मी हलले नाही.

"छातीत जाते काकू ते पानी. गुदमरते ती. मागच्या टायमालेबी गेलं."

 आता कोणीतरी विचारणार, तुला कसं ठाऊक, कधीपासून ठाऊक. मी वाट बघत उभी. तेवढ्यात खाटेच्या कडेला बसलेले दादा उठले. आता हे मला बाजूला करणार अशी माझी खात्री होती, लिलाकाकूंच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. त्यांनी काकूंच्या हातातला चमचा घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिला. वाटीत गंगाजल ओतलं, कापूस बुडवला, पिळला आणि आईच्या ओठाला लावला.

"असं पाजा," म्हणाले. "एकेक जन या. घाई करू नोका."

लिलाकाकूंनी आधी तोंड फिरवलं. मग कापूस घेतला. मग बाकीच्यांनीही. आई एकदाही ठसकली नाही.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मी तिच्या उशाशी बसून लिहिते. दोन श्वासांच्या मधलं अंतर वाढत चाललंय. प्रत्येक वेळी मी पेन थांबवते.

संगीता


अनसिंग
मंगळवार, ९ डिसेंबर

राखी,

मागच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, आई गेल्याचा फोन निकितानं तुला केला होता. नीट सांगता आलं नसेल तिला. सकाळी दहाचा सुमार होता. रूपा सिस्टरनं नुकतंच अंग पुसून दिलं होतं. मी तिचे केस विंचरत होते. श्वास आला, गेला आणि पुढचा आला नाही. मी कंगवा हातात धरून वाट बघत राहिले. तडफडली नाही, चेहरा वाकडा झाला नाही. इतके दिवस ज्या क्षणाला मी भ्यायले तो असा येऊन गेला की मला आधी समजलंच नाही.

तू आली नाहीस. बरं केलंस की वाईट, ते ठरवणारी मी कोण? तुझ्या वाटणीचा कापूस मी लावला, एवढं सांगून ठेवते.

काल तेरावं झालं. पाहुणे गेले. पाहुण्यांसमोर लिलाकाकू म्हणाल्या, संगीतानं सासूचं लई केलं. मला तिथं बसवेना. पंधरा दिवसांपूर्वी कडू होते, काल गोड झाले, आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नाही. आई गेली की ती गोष्टही जाईल असं मला वाटलं होतं. ती कुठं जाते? आई गेली आणि ती एकटी माझ्याकडं राहिली. जेवताना समोर दादा बसतात, माझ्या ताटात भाकर वाढतात, आणि मला वाटतं, ह्यांना कळलं तर हा हात पुन्हा माझ्याकडं येणार नाही.

तू सांगू नको म्हणाली होतीस. मी आज सांगितलं. तुझा शब्द मोडला, त्याची माफी मागते.

ते शेतात होते, हरभऱ्याला पाणी चालू होतं. मी डबा घेऊन गेले. बांधावर उभी राहूनच बोलायला लागले, बसले असते तर बोलता आलं नसतं. सिस्टरनं मला काय बजावलं होतं, कागद, लाल रेघ, सगळं. आईला पहिला ठसका लागला तेव्हाच मला आठवलं होतं आणि तरी मी पाजलं, हेही. ते सरीतली माती ओढत होते. फावडं थांबलं नाही. मला वाटलं आता फावडं टाकतील आणि घराकडं चालू लागतील, नाहीतर मलाच जा म्हणतील. त्यांनी सरी पूर्ण केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मालूम होतं मले."

"काय मालूम होतं?"

"तो कागद. शुक्रवारी औषधाची गोई शोधता शोधता पिशवीत सापडला होता. वाचला मी."

 शुक्रवारी, म्हणजे पाण्याच्या आदल्या दिवशी.

"मंग डॉक्टरनं विचारलं तवा नाई काहून म्हनलं तुमी?"

"भेव लागलं."

"आन् पह्यला चमचा? पह्यला तर तुमीच..."

ते फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभे राहिले. तुझे दादा म्हणजे मोठं माणूस, राखी, पण त्या वेळी मला ते दहा वर्षांचे वाटले.

"सारे पाहून राह्यले होते. लेक असून पानी नाई पाजत म्हनले असते. एक चमचा देला, आन् माय ठसकली. तुह्या हातात चमचा गेला. मले वाटलं आता तू अडवशीन. सिस्टरनं तुलेच सांगतलं असंन, तुले जास्त समजते. मी तुह्याकडंच पाह्यलं. तू बोलशीन म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."

मी बांधावर बसले.

"मीबी तुमचीच पाहून राह्यली होती," मी म्हणाले.

तुझी वहिनी
संगीता